राजा मरायचा राहिला होता

हिवाळ्यात आमच्याकडे मुक्कामाला येणाऱ्याने आपलं पांघरूण आपण आणावं, असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं आहे. घरात गोधड्या नाहीत असं नाही, भरपूर आहेत. पण त्या सगळ्या आवाज घुमू नये म्हणून मागच्या खोलीत भिंतींना खिळे मारून लटकवलेल्या आहेत आणि त्या खोलीला आम्ही स्टुडिओ म्हणतो. आम्ही म्हणजे मी. आमची सौ. मंदा तिला गोधडीखाना म्हणते.

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा माणूस गप्प बसेल. शिफ्ट संपली की हौशी नाटकात शिपाई-हवालदार व्हायचं, ऑर्केस्ट्रात निवेदन करायचं, हे माझे जुने धंदे. गुडघ्यांनी ते बंद पाडले. पण तोंडाला गुडघे नसतात. मग मी पॉडकास्ट सुरू केला. नाव ठेवलं ‘सपशेल’. गायक, वादक, नट, जादूगार, नकलाकार, कुणीही यावं आणि आपण लोकांसमोर कसे सपशेल आपटलो ते सांगावं. यशाच्या गोष्टी सांगायला जग बसलेलंच आहे.

पॉडकास्ट म्हणजे काय, हे माझ्या मेव्हण्याला अजून समजलेलं नाही. तो विचारतो, “रेडिओवर कितीला लागतं?” मी सांगतो, लागत नाही, आपण लावायचं. हवं तेव्हा मोबाइलवर लावायचं आणि ऐकत ऐकत भांडी घासायची. तो म्हणतो, “मग भांडी घासणाऱ्यांसाठीच आहे म्हणा.” एका अर्थी खरंच आहे. आमचा श्रोता हाताने काहीतरी करत असतो. त्याचे फक्त कान मोकळे असतात आणि कानांना फसवणं फार अवघड.

पहिला भाग मी माझ्यावरच केला, म्हणजे दुसऱ्याला बोलायला धीर येतो. नाटक खुनाचं होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी हवालदाराने धावत यायचं आणि ओरडायचं, “साहेब, खून झालाय!” मी आदल्या दिवशी डबल शिफ्ट केलेली. विंगेत स्टुलावर डुलकी लागली. दचकून जागा झालो तो थेट रंगमंचावर. तो पहिला अंक होता. ज्यांचा खून व्हायचा ते गृहस्थ कोचावर बसून चहा पीत होते. मी ओरडलो, “साहेब, खून झालाय!” त्यांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, “कोणाचा?” मी म्हणालो, “तुमचाच.”

आता या धंद्यातलं थोडं सांगतो. माइक तोंडासमोर मक्याच्या कणसासारखा धरायचा नसतो, हनुवटीच्या जरा खाली ठेवायचा. पंखा बंद, कारण त्याची घरघर माणसाच्या आवाजाच्या पुढे पळते. त्यामुळे उन्हाळ्यात आमचे पाहुणे घामाने निथळत आपल्या फजित्या सांगतात आणि त्या आपोआप जास्त खऱ्या वाटतात. कुकरची शिट्टी, कांदे-बटाटेवाल्याचा भोंगा, वरच्या मजल्यावरची मिक्सर फिरवणारी बाई, यांच्या वेळा मंदाला पाठ आहेत. यंत्र तीच चालवते, नंतरची काटछाटही तीच करते. माझं काम बोलणं आणि योग्य वेळी न बोलणं. यातलं दुसरं मला अजून नीट येत नाही.

पण या धंद्याचा एक नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. पाहुण्याला गोष्ट चहावर सांगू द्यायची नाही. माणूस घरात आला, चप्पल काढली, की लगेच म्हणतो, “अहो, काय झालं माहितीये का एकदा...” मी दोन्ही हात वर करतो. “थांबा! आधी द्राक्षांना भाव काय आहे ते सांगा.” कारण फजिती पहिल्यांदा सांगताना माणूस ती परत भोगतो. दुसऱ्यांदा सांगताना तो ती नुसती आठवतो. आणि ऐकणाराही पहिल्यांदा हसतो तेच हसणं. पुढचं सगळं शिष्टाचार.

या नियमाने मला मोठी माणसं दिली. पंचवटीतले एक क्लॅरोनेटवाले होते. त्यांना डोळे मिटून वाजवायची सवय. एका चौकात दोन वराती समोरासमोर आल्या, दोन्ही बँड एकच गाणं वाजवत होते. यांनी डोळे मिटले ते सूर लागल्यामुळे आणि उघडले तेव्हा नवरदेव घोड्यावरून उतरून मोटारीत बसला होता! म्हणजे नवरदेवच वेगळा होता. मी विचारलं, “मग काय केलंत?” ते म्हणाले, “वाजवलं. कुणाची का असेना, वरात अर्धी सोडून जाऊ नये.” जेवूनही आले.

काही माणसं हातची गेली. एक जुने तबलजी “पुढच्या आठवड्यात येतो” म्हणाले होते, त्या आठवड्यात तेच राहिले नाहीत. त्यांची गोष्ट कोणती होती, हे मला कधीच कळणार नाही. चहावर ते सांगायला लागले होते आणि मीच हात वर केले होते. नियमांचं हे असं असतं.

असो. ज्यांच्यासाठी लिहायला बसलोय, ते आण्णा.

दिंडोरीकडच्या एका गावातून अश्विनी नावाच्या मुलीचा आवाजी निरोप आला. मागे कात्र्यांचा कचकच आवाज. “काका, मी तुमचं सपशेल ऐकते. आमची बागेत विरळणी चाललीय, दिवसभर द्राक्षाच्या घडातले मणी कापायचे, कानाला तेवढाच विरंगुळा. माझे सासरे, आण्णा, यात्रेतल्या नाटकात राजा व्हायचे. सगळं नाटक तेच बसवायचे. एकदा त्यांची फजिती झाली आणि त्यांनी स्टेजच सोडलं. गावाचं नाटकही बंद झालं. आता यात्रेला ऑर्केस्ट्रा आणतात. यंदा पोरं परत नाटक करायचं म्हणतायत, पण आण्णांशिवाय ते कुणाला जमायचं नाही. अन् आण्णा म्हणतात, जीव गेला तरी नाय. काका, त्यांनी ते एकदा कुणापुढे तरी सांगितलं ना, तर ते उभे राहतील. घरात आम्ही तो विषय काढला की ते उठून बागेत जातात.”

मी म्हटलं, घेऊन या.

आण्णा आले. पांढरी टोपी, झुपकेदार मिश्या, आवाज असा की माइक चार हात लांब ठेवावा लागला. पंखा बंद केल्यावर म्हणाले, “ही भट्टी हाय का स्टुडिओ?” मी त्यांना मोबाइल बंद करायला सांगितला.

“बंद नाय करता येत. बागेची मोटार हाय याच्यावर.”

“मोबाइलवर?”

“मिस कॉल दिला की मोटार चालू. ती बाई सांगते बी.” त्यांनी बटण दाबून दाखवलं. मोबाइलमधून एक गोड आवाज आला, “मोटार चालू झाली आहे.” आण्णा खूश होऊन म्हणाले, “घरच्या माणसापरीस चांगलं ऐकती.”

“आण्णा!” अश्विनी म्हणाली.

त्या दिवशी मंदा बहिणीकडे गेली होती. जाताना तिने मला यंत्र समजावून दिलं होतं. मी म्हटलं, कारखान्यात आयुष्यभर यंत्रंच चालवली, हे एवढंसं काय. लाल बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकायला लागला, कानावरच्या हेडफोनात आण्णांचा आवाज खणखणीत येत होता. मी खूण केली.

आणि आण्णा सुरू झाले.

गावच्याच एका मास्तरांनी लिहिलेलं नाटक. आण्णा राजा. भाऊ दगा देऊन विष पाजतो आणि राजा राणीच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ मरतो. राणी म्हणजे गावातला हार्डवेअरचा दुकानदार. चैत्रातली यात्रा, संध्याकाळची वेळ. गावचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, त्यामुळे नाटक जनरेटरवर. बागांची खरड छाटणी होऊन गेलेली, वेलींना पाण्याची ओढ, आणि वीज कधी येईल ते कुणालाच माहीत नाही.

“मी मेलो,” आण्णा म्हणाले. “लय झ्याक मेलो त्या दिवशी. बाया रडत व्हत्या. राणी माझ्या छातीवर पडून रडायला लागली. अन् तेवढ्यात देवळावरचा दिवा पेटला. राणीनं रडता रडता वर बघितलं अन् म्हणाली, ‘लाईट आली का रं?’ आणि उठली! माझं डोकं धाडकन् फळ्यांवर. समोरचं अख्खं गाव उठलं, ज्याची त्याची मोटार. मला बी काय सुचलं नाय बघा. मी बी उठलो. मुकुट डोक्यावर, तलवार कमरेला, तसाच धावत सुटलो. विहिरीवर गेलो, स्टार्टर दाबला, पाणी आलं. ठिबकच्या नळ्या फुगल्या. खाली बसलो, श्वास घेतला, अन् तवा कुठं ध्यानात आलं, आपण मेलेलो हाय.”

मी खुर्चीवरून खाली यायचा बाकी होतो. अश्विनी ओढणीत तोंड खुपसून हसत होती. आण्णा आधी गंभीर होते, मग त्यांच्या मिश्या थरथरायला लागल्या आणि मग ते गडगडाटी हसले. गोधड्या हलल्या.

हसू ओसरल्यावर त्यांनी पुढचं सांगितलं. पुढच्या वर्षी राजा दरबारात आला, मुजरा झाला, आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “आण्णा, लाईट आली!” गाव असं हसलं की पुढचं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. दुसरं वाक्य घेतलं, परत तेच. आण्णा आत गेले, मुकुट काढून देवळाच्या कपाटात ठेवला. ते शेवटचंच.

जाताना दारात थांबून म्हणाले, “गावाला ऐकू द्या ह्ये. मी स्वतः सांगतोय म्हणल्यावर ओरडायला काय उरलं? मंग बघू नाटकाचं.”

मंदा परतली तेव्हा मी विजयी वीरासारखा बसलो होतो. तिने हेडफोन घातले. बराच वेळ तिचा चेहरा हलला नाही.

“अहो, यात काहीच नाही.”

“म्हणजे?”

“काहीच नाही. तुमचा खोकलासुद्धा नाही. दिवा लुकलुकत होता का?”

“छान लुकलुकत होता.”

“लुकलुकतो म्हणजे यंत्र तयार आहे. बटण परत दाबायचं असतं. मग दिवा स्थिर होतो. मी दोनदा सांगितलं होतं.”

“तू दोनदा सांगितलंस,” मी म्हणालो, “मी एकदा दाबलं.”

जगाच्या फजित्या गोळा करणाऱ्याने आपल्या सर्वात चांगल्या फजितीला नुसता डोळा मारून सोडून दिलं होतं. अश्विनीला फोन करायला हात उठेना. केला, तर तीच आधी बोलली, “काका, आण्णा येताना अख्खा रस्ता हसत होते. पोरांना त्यांनी सांगितलंय, भाग येऊ दे, मग तालमीचं बोलू. कधी येतोय?”

मी म्हणालो, “थोडं... आवाजाचं काम बाकी आहे. आम्हीच येतो तिकडे.”

मंदाने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला बोलावं लागत नाही.

आम्ही गेलो. बागेच्या कडेला पत्र्याची शेड, त्यात खाटेवर आण्णा. मी म्हणालो, जरा खरखर आलीय, परत एकदा सांगाल का? आण्णांनी लगेच सुरुवात केली. मी मरणाच्या जागेला मान हलवली, राणी रडायला लागल्यावर तयारीत बसलो आणि मोठ्याने हसलो.

आण्णा थांबले.

“दिवा अजून पेटलाच नाय.”

“काय?”

“देवळावरचा दिवा पेटायच्या आधीच हसले तुमी. आमी नाटकवाले हाय. पब्लिक कुठं हसतं अन् कोण कुठं हसवून घेतं, ते आमाला कळतं.” ते खाटेवरून उठायला लागले. “नको. मला वाटलं व्हतं, तुमी खरंच हसला त्या दिवशी.”

अश्विनी समोरच्या वेलींच्या ओळीत कात्री हातात धरून उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी पटकन् बोलून टाकलं, “आण्णा, त्या दिवशी खरंच हसलो. म्हणूनच तर सगळं घालवलं. काहीच रेकॉर्ड झालं नाही. दिवा लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडे बघून खूश होतो.”

आण्णांच्या मिश्या थरथरल्या.

“म्हंजे मी तासभर...”

“हो.”

“त्या भट्टीत...”

“हो.”

“अन् पंखा बी बंद!”

आण्णा हसले ते असे की बागेतल्या बायका वाकून बघायला लागल्या. त्या पेठकडून मजुरीला आलेल्या. चहाची वेळ झालीच होती, त्या शेडमध्ये येऊन टेकल्या. आण्णांनी माझ्याकडचा माइक काढून घेतला. “बसा खाली मांडी घालून. आता इचारणार मी अन् सांगणार तुमी. वहिनी, तुमी दाबा बटण. यांच्या हातात देऊ नका.”

मंदाने बटण दोनदा दाबलं. दिवा स्थिर झाला.

आण्णांनी मला असं सोललं म्हणून सांगू! बायको बहिणीकडे का गेली, दिवा कुठल्या रंगाचा होता, तो बघून मला काय वाटलं. बायका हसायला लागल्या. मग एकीने विचारलं, “पण ह्यांनी घालवलं ते काय व्हतं?” आता आण्णांना ते सांगणं भाग होतं. त्या बायकांनी ती गोष्ट कधी ऐकलेली नव्हती. आण्णांनी कोऱ्या कानांची ती शेड पाहिली, उभे राहिले आणि बसून सांगायची गोष्ट उभ्याने करून दाखवली. चहाच्या किटलीवर डोकं ठेवून मेले. देवळावरचा दिवा पेटला तेव्हा मी तिसऱ्यांदा ऐकत होतो आणि खरा हसलो.

हसणं संपल्यावर ताराबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, “मंग राजा परत येऊन मेला का?”

माझ्या तोंडात एक विनोद तयार होता. मंदाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा योग्य वेळी गप्प बसलो.

आण्णा म्हणाले, “नाय. मरायचा राहिला.”

“मंग लोक वरडणारच,” ताराबाई म्हणाली. “राजा जित्ता सोडलाय तुमी.” आणि चहाचा कप विसळून कामाला गेली.

आण्णांनी किटली सरळ करून ठेवली. मग त्यांनी हाक मारली, “सूनबाई, तो मुकुट देवळात असंल का अजून?”

“कपाटातच आहे, आण्णा. मी परवाच पुसून ठेवलाय.”

“परवाच?” आण्णांनी मिशीला हात लावला. “लय खात्री व्हती तुला.”

तो भाग आम्ही प्रसिद्ध केला. गावाने ऐकला, बागांमध्ये ऐकला, ट्रॅक्टरवर ऐकला. तालमी द्राक्षं उतरल्यावर सुरू झाल्या. राणी तोच हार्डवेअरवाला, आता केस पांढरे, पण लुगडं नेसल्यावर अजून लाजतो. मी आणि मंदा यात्रेला पाहुणे म्हणून गेलो. मंदा अश्विनीबरोबर बायकांमध्ये बसली. यंत्र रंगमंचाच्या कडेला ठेवायचं काम माझ्याकडे आलं. आता मी शहाणा झालेलो. बटण एकदा दाबलं, दोनदा दाबलं, दिवा स्थिर झाला.

राजा दरबारात आला. सगळ्या गावाने श्वास रोखला. मीही. कुणी ओरडलं नाही. आण्णांचा आवाज थोडा चिरकला, मग लागला. अंकामागून अंक गेले. विष आलं. राजा मरायला लागला आणि खरं सांगतो, मी विसरलो की हा किटलीवर मेलेला माणूस आहे. बायका रडत होत्या. डोकं राणीच्या मांडीवर कललं. शांत.

आणि बायकांच्या बाजूने एक तरणा, खणखणीत आवाज आला, “आण्णा, लाईट आली!”

गाव हसायच्या बेतात होतं.

मेलेल्या राजाने डोळे उघडले नाहीत. फक्त उजवा हात उचलला, शेल्याच्या आत घातला, मोबाइल काढला, अंगठ्याने चाचपून बटण दाबलं आणि हात छातीवर ठेवला. वर टांगलेल्या माइकमधून अख्ख्या यात्रेला ऐकू गेलं, “मोटार चालू झाली आहे.”

राजाने मोबाइल परत आत ठेवला आणि नीट मेला.

त्या हशाचं वर्णन मला जमणार नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, राणी मांडी न हलवता खदखदत होती आणि राजा मात्र पडदा पडेपर्यंत हलला नाही. ओरडणारीकडे मी वळून पाहिलं. अश्विनी अगदी साळसूद चेहऱ्याने समोर बघत होती.

नाटक संपल्यावर मंदाने यंत्र उचललं, हेडफोन घातले. तिचा चेहरा मी ओळखला.

“अहो, शेवटचा प्रवेश कुठे गेला?”

“मी दोनदा दाबलं होतं!”

“आणि मग?”

“मग... राजा मरायच्या आधी खात्री म्हणून परत एकदा दाबलं.”

“तिसऱ्यांदा दाबलं की ते थांबतं,” मंदा म्हणाली.

म्हणून हे सगळं कागदावर लिहून काढलं आहे. दुसरा पुरावा नाही. रंगपटात जाऊन मी मान खाली घालून आण्णांना सांगितलं. ते आरशासमोर मिशीचा रंग पुसत होते, मुकुट अजून डोक्यावर. त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं.

“असू द्या हो. पुढल्या वर्षी परत मरतो की.”